सायकलनं कामाला: कोल्हापुरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२५

आज घटस्थापना, आणि आजपासूनच सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्रूपवर सकाळपासून तेच चाललंय, "आता तर घ्या की सायकल". घ्या की, कोण नको म्हणतंय, पण दहा हजाराच्या सायकलीत सहाशे-साडेसहाशे वाचले म्हणून कोण मोपेड सोडून पॅडल मारायला लागणार हाय? आमच्याच अपार्टमेंटच्या जिन्याखाली बघितलं तर सायकली रग्गड पडल्यात, टायर बसलेले, सीटवर कबुतरांची घाण, कुणाच्या पोरानं आठवीत वापरलेली, कुणी लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली. सायकल नाही म्हणून लोक चालवत नाहीत असं काही नाही.

काम काय ठरलंय ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोण "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला नको. फेब्रुवारीअखेरपर्यंत उद्यमनगर, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी एवढ्या पट्ट्यात कामाला सायकलनं येणाऱ्या माणसाची सोय बघायची. सोय म्हणजे सायकल लावायला नीट जागा, त्यातल्या त्यात बरा रस्ता, रात्री दुसऱ्याला दिसेल एवढा उजेड आणि बिघडली तर दुरुस्ती. बस. टी-शर्ट नाही, मेडल नाही. रॅलीचा विषय पहिल्याच बैठकीत निघाला होता, राजारामपुरीतले आमचे स्टेशनरीवाले काका म्हणाले, "रॅलीला चारचाकीच्या टपावर सायकल टाकून येत्यात लोक, मला नका सांगू." तिथंच संपला विषय.

माणसं: काका, फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, शिफ्ट करणारे दादा, कॉलेजातल्या मॅडम, आमच्या वर्कशॉपमधले वेल्डर मामा आणि ड्रॉइंग काढणारा मी. पैसे आपापल्या खिशातले. हिशोबाची वही काकांकडं.

२८ सप्टेंबर

नवरात्रातला रविवार. गावात गाडी घालायची सोय नाही. दाभोळकर कॉर्नरपासून बिंदू चौकापर्यंत नुसत्या गाड्या, पुण्याकडच्या पासिंगच्या, कर्नाटकच्या, सगळ्यांना भवानी मंडपाच्या जास्तीत जास्त जवळ जाऊन उतरायचंय. पाहुण्यांना नावं ठेवायची नाहीत, अंबाबाईला येणार नाहीत तर कुठं जातील, पण एरवीच्या दिवशीही आता लई फरक राहिलेला नाही. १८ ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांतले वकील-पक्षकार सीपीआर दवाखान्यासमोर यायला लागले, चाळीस-पन्नास वर्षांची मागणी पुरी झाली ह्याचा आनंद हायच, पण भाऊसिंगजी रोड काय रुंद झालेला नाही.

दुपारी काकांच्या दुकानात बसून आकडेमोड केली. मनपाची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे हे गाव चौकोनी धरलं तर एक बाजू आठ किलोमीटरच्या आसपास. घरापासून कामाची जागा बहुतेकांची तीन-चार किलोमीटर, लई झालं तर पाच. साधी बिनगिअरची सायकल सावकाश चालवली तरी तासाला बारा किलोमीटर जाते, म्हणजे चार किलोमीटरला वीस मिनिटं. तेवढ्याला गर्दीच्या वेळी मोपेडला पंधरा मिनिटं जातातच, वर पार्किंग शोधायचं वेगळं. मुंबई-पुण्याचं माणूस हे वाचून हसेल, पंधरा-वीस किलोमीटर रोज जाणाऱ्याला सायकल सांगणं जरा जडच जातं. आपल्याकडं अंतर हा मुद्दाच नाही.

दादा म्हणाले, "मग मुद्दा काय हाय?" ते बघायलाच पुढच्या आठवड्यात चौकात उभं राहायचं ठरलं.

६ ऑक्टोबर

सकाळी आठच्या आधीपासून गोखले कॉलेज चौकात वही घेऊन उभे होतो, मी आणि मॅडम. आकडे वहीत आहेत, इथं उतरवत नाही, कारण एका सकाळच्या आकड्यावर काही ठरत नसतंय. पण कोण कोण गेलं ते महत्त्वाचं.

आमच्या डोक्यात सायकलवाला म्हणजे हेल्मेट, टाइट कपडे, रविवारी पहाटे पन्हाळा नाहीतर जोतिबा चढून येऊन मिसळ खाणारा. त्यातलं एकही दिसलं नाही, सोमवार होता. दिसले ते असे: डबा कॅरियरला चिमट्यात अडकवून उद्यमनगरकडं चाललेले पन्नाशीचे कामगार, पेपर टाकून परत निघालेली पोरं, हँडलला दोन्हीकडं पिशव्या लावलेला भाजीवाला, दुधाची किटली घेतलेले एक आजोबा, सेंट्रिंगचं काम करणारी कर्नाटकातली पोरं, शाळेच्या मुली. रस्त्याच्या अगदी कडेनं, गटारीच्या झाकणांवरून, कुणाच्या वाटेत न येता. मॅडम म्हणाल्या, "अहो, हे सगळे रोज इथूनच जातात आणि मी ह्यांना कधी बघितलेलंच नाही."

मला वाटतं ह्या प्रकल्पात जे काय करायचं ते ह्या माणसांना धरून करायचं. सायकलचा प्रसार म्हटलं की सगळे गाडीवाल्याला सायकलवर आणायच्या मागं लागतात आणि जो आधीपासून सायकलवर हाय त्याला कोण विचारत नाही. तो गरजेनं चालवतोय, उद्या चार पैसे जमले की हप्त्यावर गाडी घेणार. घेऊ दे, त्याचा हक्क हाय. पण रोज कट बसतोय, सायकल लावली तर चोरीला जातीय, रात्री ट्रक दिसत नाही, ह्या त्रासाला कंटाळून तो सायकल सोडत असेल तर गाडीवाला तरी कशाला सायकलवर येईल?

तिघा-चौघांना थांबवून विचारलं, त्रास काय होतो. एकानंही "चढ" म्हटलं नाही, "ऊन" म्हटलं नाही. उत्तर एकच, वेगवेगळ्या शब्दांत: गाडीवाले दाबतात आणि सायकल ठेवायला जागा नाही. उद्यमनगरातल्या एकानं तर सांगितलं, शॉपच्या दारात लावली की मालक आत घ्यायला लावतो, आत लावली की सुपरवायझर बाहेर काढायला लावतो.

१२ ऑक्टोबर

रस्ते बघायला सगळे सायकलनंच फिरलो. हे काम सगळ्यात मजेचं झालं. काका लई वर्षांनी बसले, सुरुवातीला हँडल डुगडुगत होतं, मग राजारामपुरीच्या गल्ल्यांत शिरल्यावर असे सुटले की आम्हालाच मागं टाकलं.

रिंगरोड नि मेन रोड सोडून जाता येतं का एवढंच बघायचं होतं. येतं. राजारामपुरी मेन रोडला दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या असतात, पार्क केलेल्या गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही, त्यापेक्षा मागच्या गल्ल्या धरल्या तर निम्मा ताण जातो. गल्ल्या सरळ आखलेल्या आहेत, एकमेकींना समांतर, अंतर फारसं वाढत नाही. सुभाष रोड मात्र चुकवता येत नाही. उमा टॉकीजच्या पुढं लक्ष्मीपुरीकडं जाताना मालाच्या टेम्पोंची गर्दी, सकाळी दहाच्या आत गेलं तर बरं.

अडतंय ते रेल्वेपाशी. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ सालची, तेव्हा पलीकडं गाव नव्हतंच. आता शाहूपुरी एका बाजूला आणि राजारामपुरी दुसऱ्या बाजूला, मध्ये परीख पूल. पुलाखालनं जायचं म्हणजे मान खाली घालून, पुढच्या रिक्षाचा धूर खात, आणि पाऊस पडला की खाली पाणी. खड्डा कुठं हाय ते पाण्यात दिसत नाही. चालत जाणारे, सायकली, दुचाक्या, रिक्षा सगळे त्याच अरुंद जागेतून. ह्याला आमच्याकडं उत्तर नाही, पांढरा पट्टा मारून काही होणार नाही तिथं. नकाशात लाल करून ठेवलं.

आर. के. नगर, पाचगावकडच्या लोकांचा प्रश्न वेगळा. येताना उतार, जाताना दमल्यावर चढ. मॅडम तिकडच्याच. त्या म्हणाल्या, मी चढाला उतरून चालत जाईन, माझं काही बिघडत नाही. दादांचं म्हणणं, गिअरची घ्या की. तेही खरं, मागं एक मोठं दात्याचं फ्रीव्हील बसवलं तरी फरक पडतो.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. काही झालं नाही. फराळ झाला.

२ नोव्हेंबर

स्टँड. हे जरा सविस्तर लिहितो, दुसऱ्या कुणाला करायचं झालं तर उपयोगी पडेल.

शाळेत, कॉलेजात जे स्टँड असतात ते बहुतेक पुढचं चाक खोबणीत घालायचे. ते एक नंबर बोगस. सायकलचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो, शेजारची सायकल कलंडली की आपली पण कलंडते आणि रिमला आऊट येतो, म्हणजे चाक वाकडं फिरतं. शिवाय कुलूप लावायचं तर नुसत्या चाकाला, चोर चाक सोडून बाकीची सायकल घेऊन जातो. मग मालक काय करतो, स्टँड रिकामा ठेवून झाडाला नाहीतर विजेच्या खांबाला साखळी घालतो.

जगात सगळीकडं चालतो तो साधा उलट्या यू आकाराचा पाइप. जमिनीपासून पाऊण मीटर उंच, पाऊण-एक मीटर लांब. सायकल त्याला बाजूनं टेकवायची, फ्रेम आणि चाक दोन्ही एका साखळीत येतात. एका स्टँडला दोन बाजूंनी दोन सायकली. दोन स्टँडमध्ये मीटरभर अंतर सोडायचं. एक चारचाकी लावायच्या जागेत असे पाच बसतात, म्हणजे दहा सायकली. ड्रॉइंग काढायला मला दहा मिनिटं लागली असतील, पण मामांनी ते हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "वाकवायचा कसा?"

दोन इंची पाइप नुसता वाकवला की बाकावर चपटा होतो. मोठा बेंडर भाड्यानं आणायचा तर तीन स्टँडला परवडत नाही. मामांनी जुनी पद्धत काढली. पाइपात कोरडी बारीक वाळू ठोकून ठोकून भरायची, दोन्ही तोंडाला लाकडी डट्टे मारायचे, मग गॅसनं लाल करून सावकाश वाकवायचं. आतली वाळू पाइपाला चपटं होऊ देत नाही. कोल्हापुरात वाळूला काय तोटा, दादांनी फाउंड्रीतनं पोतं आणलं. मामांनी मूठभर हातात घेऊन दाबून बघितली आणि परत पाठवली, "दमट हाय. ओल्या वाळूची वाफ होती, डट्टा गोळीसारखा उडतोय, एकदा बघितलंय मी." मग ती पत्र्यावर पसरून उन्हात वाळवली, संध्याकाळी पुन्हा चाळली, तेव्हा कुठं काम सुरू. मामांचा हात असा की दोन्ही बाक एकसारखे, वर हात फिरवला तर सुरकुती लागत नाही. खाली प्लेट वेल्ड केली, रेडऑक्साइड मारला, वर पिवळा ऑइलपेंट. पाइप धरून एका स्टँडचा खर्च दोन हजाराच्या आत बसला, मामांनी मजुरी घेतली नाही म्हणून.

गंमत बघा, ह्या उद्यमनगरात नि शिरोली-गोकुळ शिरगावला सगळ्या देशाच्या गाड्यांची कास्टिंग होतात. जे हात गाड्यांचे पार्ट करतात ते स्वतः सायकलवर कामाला येतात, आणि त्यांच्या सायकलीला टेकू नव्हता.

११ नोव्हेंबर

ऊस सुरू झाला. १ तारखेपासून हंगाम, आता मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर. दादांची सेकंड शिफ्ट सुटते रात्री, तिथून कसबा बावड्याला घरी. बावड्यात साखर कारखाना, म्हणजे त्या रस्त्याला रात्री उसाची रांग ठरलेली.

ज्यानं हे बघितलं नाही त्याला कळणार नाही. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला, मागं दिवा असला तर असला, आणि ट्रॅक्टरवर टेप एवढा मोठा की ड्रायव्हरला घंटी काय, ट्रकचा हॉर्न पण ऐकू जात नाही. सायकलवाल्याला खरा धोका दुसऱ्या ट्रॉलीचा. पहिली शेजारून गेली की माणसाला वाटतं गेलं, तो हँडल रस्त्याकडं घेतो, तेवढ्यात दुसरी येते, आणि ती जरा आत डोलत येते. दादांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मॅडमनी लगेच वही काढली.

काम असं ठरलं की रात्री जाणाऱ्या सायकलींना फुकट उजेड करून द्यायचा. पुढं पांढरा, मागं लाल, शिवाय रिफ्लेक्टर टेप. पूर्वीच्या काळ्या सायकलीला मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा असायचाच आणि डायनामो पण असायचा, टायरला घासून चालणारा, चढाला पाय भरून यायचे त्यानं. आता सेलवरचा लाल लुकलुकणारा दिवा शे-दीडशे रुपयात मिळतो. पण दिव्यापेक्षा टेप जास्त कामाची वाटायला लागलीय, सेल संपत नाहीत, चोरी होत नाही. पॅडलला लावली तर ती वरखाली होते, मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळतं की पुढं सायकल हाय, नुसता खांब नाही. चाकाच्या आऱ्यांत लावली की चौकात बाजूनं येणाऱ्याला दिसते.

टेप लावायला सीट काढून बसलो होतो तेव्हा दादांनी स्वतःची सायकल सगळ्यात शेवटी दिली. म्हणाले, "आधी ट्रॉल्यांना लावा की ओ." बरोबर होतं. म्हणून उरलेल्या रोलचं तेच केलं, रस्त्याकडेला चहाला थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारून ट्रॉलीच्या मागं पट्ट्या मारल्या. बीडकडची पोरं होती, त्यांनीच पुसून दिलं, एकानं तर टेपवर आपल्या ट्रॉलीचं नाव लिहिता येतं का विचारलं. नंतर चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत.

२३ नोव्हेंबर

दुरुस्तीचा रविवार. मंगळवार पेठेतल्या एका मिस्त्रींना बोलावलं, सत्तरीचे आहेत, दुकान बंद करून घरी बसले होते. मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडं सायकल घेऊन गेलं की "ठेवून जा, बघतो" म्हणतो आणि चार दिवस बघत नाही, म्हणून लोकांनी गर्दी केली. बहुतेक दुखणी बारीक: ब्रेकचे रबर, सुकलेली चेन, पेडल ढिलं, हवा नाही. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि माणसाला वाटतं आपलं वय झालं.

एक जुनी ॲटलस आली. मिस्त्री तिच्याकडं बघून जरा थांबले. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाला, लॉकडाऊनमध्ये. मिस्त्रींना हे माहीत होतं. "पार्ट मिळतील, दुसऱ्या कंपनीचे बसत्यात," एवढंच म्हणाले आणि चाक काढून आऊट काढायला बसले. आरे एकेक चिमटीत धरून आवाज ऐकायचे, ढिला आरा वेगळा वाजतो. ते बघायला पोरं जमली होती, दोघं शिकायला येतो म्हणालीत. येतील तेव्हा खरं.

७ डिसेंबर

थंडी पडलीय आणि सकाळी रंकाळ्यावरनं बघितलं तर गावावर धुरकट थर. मॅडमनी आज प्रदूषणाचं समजावून सांगितलं, त्यांचा विषय केमिस्ट्री. जानेवारी २०१९ ला केंद्रानं हवा सुधारायचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यात महाराष्ट्रातली जी शहरं मर्यादेत बसत नाहीत म्हणून घेतली त्यात कोल्हापूर हाय. मला वाटायचं ते मुंबई-चंद्रपूरचं दुखणं. मोठ्या धुळीची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, वर्षाची सरासरी हवेच्या घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे असा आपल्या देशाचा नियम. आणि आपल्याकडं धूळ येते कुठनं? निम्मं उत्तर रस्त्यातच. पावसात खड्डे, खड्ड्यात मुरूम, पाऊस गेला की मुरमाचा भुगा, त्यावरनं गाडी गेली की तो हवेत. थंडीत हवा वर सरकत नाही, तो तिथंच नाकाच्या उंचीवर राहतो. म्हणजे नुसता सायलेन्सरचा धूर बघून भागत नाही, सगळ्या गाड्या बॅटरीवर केल्या तरी धूळ उडणारच.

सायकलनं किती फरक पडतो? पाच किलोमीटर जाऊन-येऊन रोजचे दहा धरले, मोपेडला लिटरला पंचेचाळीस धरलं, तर दिवसाला पाव लिटरच्या जरा आत पेट्रोल. एक लिटर जळालं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे माणशी रोज अर्धा किलो. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर साडेपाच लिटर, शंभराच्या वरचा भाव गुणिला करा. आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या सगळ्यात घाण, इंजिन गार असतंय, सायलेन्सरमधलं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापायच्या आतच आपण पोचतो.

काकांनी मधेच विचारलं, "मग सायकलवाल्याच्याच नाकात जास्त जातंय की हे?" जातंय. दम लागल्यावर माणूस जास्त हवा घेतो, हे खोटं सांगून उपयोग नाही. म्हणूनच मागच्या गल्ल्यांचा रस्ता, मेन रोडपासून एक गल्ली आत सरकलं तरी धूर बराच कमी लागतो. व्यायामाचा हिशोबही त्यांनीच घातला: मोठ्या माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जायला पंधरा नि यायला पंधरा मिनिटं, पाच दिवस, झाली की दीडशे. काका जिमचे पैसे भरतात हे तेव्हा बाहेर आलं.

१७ डिसेंबर

सार्वजनिक जागेत स्टँड बसवायचा तर परवानगी लागते म्हणून अर्ज दिला होता. ज्या कार्यालयात दिला तिथं कळलं की तो दुसऱ्या कार्यालयात जायला पाहिजे. तिथं गेलो तर महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. "आता जानेवारीनंतर या." ठीक हाय. स्टँड तयार असून गोडाऊनमध्ये. काकांनी एक स्वतःच्या दुकानासमोरच्या स्वतःच्या जागेत बसवून घेतला, त्याला कुणाची परवानगी नको. दुसरा आमच्या शॉपच्या आवारात. आमच्या मालकांना मी वेगळं काही सांगितलं नाही, मामांनी सांगितलं. मामांना कोण नाही म्हणत नाही.

४ जानेवारी २०२६

मतदान १५ ला. दारात सगळ्या पक्षांची माणसं येतायत, काकांच्या दुकानापुढचा पिवळा स्टँड बघून एक उमेदवार थांबले. "आपण आल्यावर हॉलंडसारखे सायकल ट्रॅक करू." काका म्हणाले, "बसा की, चहा घ्या," आणि चहा येईपर्यंत त्यांना हॉलंडची गोष्ट ऐकवली, मॅडमकडनं ऐकलेली. १९७१ साली तिथं एका वर्षात रस्त्यावर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. तेव्हा तिथंही गाड्यांना रस्ते मोकळे करायचंच चाललेलं. आई-बाप रस्त्यावर उतरले, त्यात १९७३ ला तेलाचा तुटवडा झाला, रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आली, तेव्हा कुठं सरकार सायकलकडं वळलं. उमेदवारांनी मान हलवली, फोटो काढला आणि गेले.

त्यांच्याबरोबरच्या पोरानं विचारलं, ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आणूया का. पुण्यात २०१७-१८ ला आणल्या होत्या, रंगीबेरंगी, लई गाजावाजा. काही वर्षांत दिसेनाशा झाल्या, बऱ्याच मोडूनतोडून टाकलेल्या. आमचं मत: आधी असलेल्या सायकलींना जागा द्या.

१८ जानेवारी

मॅडमनी त्यांच्या कॉलेजच्या मुलींशी बोलून टिपण आणलं. दहावीपर्यंत सायकल, अकरावीला मोपेड, हा ठरलेला टप्पा. घरच्यांचं म्हणणं, क्लास सुटायला अंधार होतो, सायकलवर पोरगी सावकाश येणार, त्यापेक्षा गाडीवर पटकन येऊ दे. ह्याला आम्ही काय उत्तर देणार, ते काय चुकीचं बोलत नाहीत. दिवे चालू असलेला रस्ता आणि न चालू असलेला रस्ता असे दोन रंग नकाशात नवीन घातले. मॅडम रात्री स्वतः फिरून बघून आल्या, बरोबर दादा आणि त्यांच्या वहिनी.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी लिहिलीय, ती आमच्या कुणाच्या डोक्यात आली नसती. ओढणी चेनमध्ये अडकते. सगळ्या नव्या फॅशनच्या सायकलींना चेनकव्हर नसतंच, मागच्या चाकाला साडीगार्ड नसतं. मिस्त्रींकडं जुनी चेनकव्हर पडलेली आहेत, थोडं कापून बसतात.

८ फेब्रुवारी

काय चाललंय नि काय नाही. आमच्या शॉपमधला स्टँड रोज भरलेला असतो, आता एकाला एक टेकवून तीन-तीन लावतात. गाडी सोडून सायकलवर आलेले मोजके, त्यात आमचे अकाउंटंट, त्यांचं कारण पोट. पण ज्यांनी सायकल सोडायची ठरवली होती त्यातले दोघं अजून सायकलवर आहेत, मला हे जास्त वाटतं.

काकांच्या दारात वेगळंच. शेजारच्या दुकानदारांनी तक्रार केली, स्टँडमुळं गिऱ्हाइकांच्या गाड्या लागत नाहीत. काकांनी त्यांना दाखवलं की एका मोपेडच्या जागेत दोन सायकली लागतात आणि सायकलवरचं गिऱ्हाईक थांबून घेऊन जातं, सुसाट जात नाही. पटलं नाही. मग मामांनी स्टँड हातभर आत सरकवून दिला, वाद मिटला. सायकलवाल्यांना अजून सवय नाही, पहिले काही दिवस लोक त्याला मोपेड टेकवत होते, एकानं टॉवेल वाळत घातला होता.

नकाशा छापला, साधा एका रंगाचा, रस्ते आणि दुरुस्तीची ठिकाणं. ग्रूपवर पण टाकला, पण ज्यांना पाहिजे ते ग्रूपवर नाहीत, म्हणून चहाच्या टपऱ्यांवर चिकटवला.

२२ फेब्रुवारी

परवानगी आलेली नाही. अर्जाला नवीन नंबर मिळालाय.

बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. परीख पुलाचं पावसाच्या आधी काहीतरी बघायचं, निदान पाण्याच्या वेळी कुठल्या रस्त्यानं जायचं ते तिथंच बोर्डवर लिहून लावायचं. आणि तिसरा स्टँड गोडाऊनमध्ये गंजवण्यापेक्षा दादांच्या बावड्यातल्या तालमीसमोर बसवायचा, तालमीची स्वतःची जागा हाय, वस्तादांनी होकार दिलाय, पण स्टँडचा रंग तालमीचा पाहिजे म्हणाले. मामा म्हणतात रंगाला काय, द्या. शनिवारी ड्रिल मशीन शॉपमधनं मी न्यायचं, फास्टनर दादांनी आणायचे, एक्स्टेन्शन बोर्ड काकांकडं हाय.